विमान ऐकत नाही, तेव्हा

भातकापणी उरकली की माझा फोन वाजायला लागतो. कुणी कर्जतजवळच्या कडावच्या शेतातून बोलत असतं, कुणी चौकच्या अलीकडून, आणि तक्रार शब्द बदलून तीच: रिमोटवरचं विमान उडतं, पण ऐकत नाही. डावीकडे ओढतं. थ्रॉटल दिला की नाक वर काढतं. वळताना एकाएकी पंख टाकतं आणि बांधावर येऊन आपटतं. पुढचं वाक्यही ठरलेलं असतं: ‘सर्वो बदलले, रिसीव्हर बदलला, आता मोटर बदलू का?’

थांबा. मोटर बदलू नका. विमान काय करतं हे तुम्ही सांगितलंत, पण ते कधी करतं हे सांगितलं नाहीत. उत्तर बहुतेक वेळा त्या ‘कधी’मध्ये असतं. दोषाचं वर्णन सारखंच असलं तरी कारणं चार-पाच असू शकतात, आणि ती वेगळी काढायला हत्यारं लागत नाहीत. लागतात दोन-तीन नीट केलेल्या फेऱ्या आणि खिशात एक वही.

आधी तीन प्रश्न

विमान सुरक्षित उंचीवर न्या. झाडांच्या तिप्पट उंची पुरते. मग हे तपासा:

१. थ्रॉटल पूर्ण बंद केल्यावरही दोष राहतो का? राहिला, तर दोष पंखात, शेपटीत किंवा वजनात आहे. गेला, तर मोटरच्या कलात आहे.

२. दोष वेग वाढल्यावर वाढतो की मंदावल्यावर? वेगाबरोबर वाढणारा दोष आकाराचा असतो: पिळलेला पंख, वाकडी शेपटी. मंद वेगात डोकं वर काढणारा दोष बहुधा वजनाचा असतो.

३. वाऱ्याच्या तोंडावर आणि वाऱ्याच्या पाठीवर, दोन्हीकडे सारखाच होतो का? सारखा असेल तर विमानात आहे. एकाच बाजूला होत असेल तर वाऱ्यात आहे, किंवा तुमच्या बोटांत.

तिसरा प्रश्न विचारला की फोनवर थोडी शांतता पसरते. त्यात कमीपणा काही नाही. माझी पहिली दोन विमानं माझ्याच बोटांनी गेली.

जमिनीवरची दहा मिनिटं

विमानाच्या मागे उभे राहा, नाक तुमच्यापासून लांब. प्रोपेलर काढून ठेवा. आता:

- एलेरॉनची काठी उजवीकडे: उजवा एलेरॉन वर, डावा खाली. नवशिके हे उलटं समजतात, कारण ‘उजवीकडे म्हणजे उजवा खाली’ असं मनाला वाटतं.
- काठी स्वतःकडे ओढली की एलेव्हेटर वर.
- रडर उजवीकडे दिला की मागची कड उजवीकडे.
- स्थिरता राखणारा जायरो बसवला असेल तर विमान हातात धरून उजवीकडे कलंडवा. उजवा एलेरॉन खाली गेला पाहिजे, म्हणजे तो पंख उचलायला बघतो आहे. उलट गेला तर विमान हातातून सुटताच उलटणार. काठ्या बरोबर आणि जायरो उलटा, ही चूक सहसा विमान आपटल्यावरच लक्षात येते.

मग प्रत्येक पृष्ठभाग दोन बोटांत धरून हलकेच हलवा. सर्वोच्या हातापासून कडेपर्यंत कुठे लुळेपणा आहे का? तारेचं टोक भोकात सैल असेल तर तटस्थ जागा दर वेळी वेगळी येते आणि ट्रिम कधीच ‘लागत’ नाही. काल ट्रिम केलेलं विमान आज दुसरीकडे ओढत असेल तर पहिला संशय इथे घ्या. सर्वोला काही झालेलं नसतं. भोक मोठं झालेलं असतं.

उडताना पंखातून भुंग्यासारखी गुणगुण ऐकू आली तर तो सैल एलेरॉनचा थरकाप आहे. थ्रॉटल ताबडतोब कमी करा, नाक किंचित वर घ्या आणि उतरा. ‘अजून एक चक्कर’ मारायची नाही, बिजागरी तेवढी थांबत नाही.

सीजी: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

गुरुत्वमध्याला, म्हणजे मैदानावर ज्याला सगळे सीजी म्हणतात त्याला, आपल्याकडे फार हलकं घेतात. सरळ आयताकृती पंखाच्या शिकाऊ विमानात तो पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ ते ३३ टक्क्यांवर असावा. पंख २० सेंटिमीटर रुंद असेल तर ५ ते साडेसहा सेंटिमीटर. सुरुवात ५ वरून करा. बॅटरी आत ठेवून, पंखाखाली दोन बोटं लावून विमान उचला. नाक किंचित खाली झुकलेलं चालेल, शेपटी झुकलेली अजिबात नाही.

- नाक जड असेल तर: विमान आळशी होतं, एलेव्हेटर सतत वर ओढून धरावा लागतो, उतरताना वेग फार राहतो. त्रासदायक, पण विमान घरी परततं.
- शेपटी जड असेल तर: बोट लागलं न लागलं तोच नाक वर-खाली उड्या मारतं, मंद वेगात एकदम स्टॉल होतं. असं विमान सहसा पिशवीतून घरी जातं.

बॅटरी किती सरकवायची याचा हिशेब सोपा आहे. समजा विमानाचं एकूण वजन ९०० ग्रॅम आणि तीन सेलची २२०० एमएएचची लायपो १८० ग्रॅम. बॅटरी २ सेंटिमीटर पुढे सरकवली तर सीजी ४ मिलिमीटर पुढे जातो. बस, एवढंच. म्हणून ‘बॅटरी जरा पुढे घेतली, काही फरक नाही’ म्हणणाऱ्याने खरोखर फरक पडण्याइतकी ती सरकवलेलीच नसते. उलट बॅटरी वेल्क्रोवर सैल असेल तर ती हवेतही सरकते. टेकऑफला शहाणं असलेलं विमान दुसऱ्या फेरीत वेडं झालं, तर उतरवून आधी बॅटरीची जागा बघा.

नक्की खात्री करायची असेल तर सूर मारून बघा. चांगली उंची घ्या, मध्यम थ्रॉटलवर सरळ उडेल असं ट्रिम करा, थ्रॉटल बंद करून नाक ४५ अंशांच्या आसपास खाली करा आणि काठी सोडा. विमान झपाट्याने स्वतःहून वर आलं तर नाक जड आहे आणि तुम्ही ते ट्रिमने झाकलंय. हळूहळू, सावकाश सावरलं तर ठीक. अजूनच खाली वाकायला लागलं तर शेपटी जड. काठी ताबडतोब ओढा. ही परीक्षा वारा असताना घेऊ नका, निकाल खोटा येतो.

थ्रॉटल दिला की नाक वर: दोन वेगळी दुखणी

हा प्रश्न इतक्या वेळा येतो की स्वतंत्र उत्तर द्यायला हवं. थ्रॉटल देताक्षणी, वेग वाढायच्या आतच नाक उचललं, तर मोटरला खालचा कल कमी आहे. थ्रॉटल दिल्यावर दोन-तीन सेकंदांनी, वेग चढत गेला तसं नाक वर येत गेलं, तर बहुधा सीजी पुढे आहे आणि एलेव्हेटरचं वरचं ट्रिम वेगाबरोबर जोर करतंय. पहिल्यावर मोटरखाली वॉशर, दुसऱ्यावर बॅटरी मागे. उलटसुलट केलंत तर दोन्ही बिघडतं.

डावीकडे ओढण्याचंही तसंच आहे. मागून पाहताना प्रोपेलर घड्याळाच्या दिशेने फिरत असेल तर पूर्ण थ्रॉटलवर विमान डावीकडे झुकणारच; मोटर प्रोपेलरला जेवढी एका दिशेने पिळते, तेवढंच विमान दुसऱ्या दिशेने पिळलं जातं. मोटरला उजवीकडे दोन-तीन अंशांचा कल हवा. विमानाच्या मागून पाहून डाव्या बाजूच्या दोन स्क्रूंखाली पातळ वॉशर घाला, म्हणजे मोटरचं तोंड उजवीकडे वळेल. खालचा कल हवा असेल तर वॉशर वरच्या स्क्रूंखाली. एका वेळी एकच वॉशर, आणि मध्ये एक फेरी.

थ्रॉटल बंद असतानाही ओढतंय? मग पंख तपासा. सपाट टेबलावर ठेवून दोन्ही टोकांची मागची कड सारख्या उंचीवर आहे का ते पाहा. कर्जत लोकलच्या सामानाच्या फळीवर, इतरांच्या बॅगांखाली दोन तास दबलेला थर्मोकोलचा पंख पिळतो, हे मी स्वतःच्या पंखावर शिकलो आहे. एप्रिलमध्ये काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवला तर तेच. पंख वेगळा काढा, चादरीत गुंडाळा, आणि गाडीत राहणारच असेल तर सीटच्या सावलीत आडवा ठेवा. पंख सरळ निघाला, पण मंदावल्यावर नेमका एकच पंख खाली जात असेल, तर विमान प्रोपेलरच्या दांड्याला आणि शेपटीला दोरा बांधून टांगा. दर वेळी तोच पंख झुकला तर दुसऱ्याच्या टोकाला चिकटपट्टीने छोटं नाणं लावा.

हात फार चपळ असतील तर

विमान ‘टोकदार’ वाटतं, ही तक्रार सीजी बरोबर असूनही येते. तिथे रिमोटमध्येच औषध आहे. पृष्ठभागांची हालचाल ६०–७० टक्क्यांवर आणा आणि एक्सपो २५–३० टक्के ठेवा, म्हणजे काठीच्या मधल्या भागात विमान सौम्य वागेल. सावधान: एक्सपोचं चिन्ह सगळ्या रिमोटांत सारखं नसतं. फुटाबाच्या रिमोटात सौम्यपणासाठी उणे चिन्ह लागतं, बऱ्याच इतरांत अधिक. चुकलंत तर विमान दुप्पट तिखट होतं. रिमोटच्या पडद्यावरची वक्ररेषा मध्यभागी आडवी झाली की खात्री.

इथली हवा

आता आपल्या भागाचं बोलू, कारण पुण्या-मुंबईच्या मैदानावर शिकलेली माणसं इथे येऊन गोंधळतात.

कर्जतच्या पश्चिमेला माथेरानची रांग, पूर्वेला सह्याद्रीची भिंत. हिवाळ्यात सकाळी हवा जवळजवळ थिजलेली असते. दोषनिदानाची वेळ हीच. उजाडल्यापासून साधारण नऊपर्यंत. दुपारी समुद्राकडून येणारा वारा माथेरान ओलांडून खाली उतरतो, आणि डोंगराच्या आडोशाला हवा शांत नसते, ती घुसळलेली असते. दुपारी दोनला पायथ्याजवळ उडवलेल्या विमानाचे धक्के म्हणजे विमानाचा दोष नव्हे. त्या धक्क्यांवर ट्रिम करत बसलात तर दुसऱ्या सकाळी शांत हवेत विमान खरोखरच वाकडं उडेल.

वाऱ्याची दिशा बघायला फडकं बांधायची गरजही क्वचितच पडते. उन्हाळ्याच्या तोंडावर शेतकरी राब भाजतात. तो धूर जमिनीलगत कुठे जातो आणि वर गेल्यावर कुठे वळतो ते पाहा. खाली एक दिशा आणि वर दुसरी असेल तर त्या थरातून जाताना विमान हेलकावणार. घारी पंख न हलवता गोल फिरत वर जात असतील तर तिथे गरम हवा उठतेय. त्याच्या कडेला खाली ओढणारी हवा असते. उतरताना नेमकी तीच वाट येऊ देऊ नका.

‘उन्हाळ्यात हवा पातळ होते म्हणून विमान पडलं’ हे मला मान्य नाही. १८ अंशांची हवा ३८ अंशांवर गेली तर घनता सुमारे ६ टक्क्यांनी कमी होते. विमान थोडं वेगात उतरेल, पण त्याने पंख टाकणार नाही.

पंख टाकण्याचं खरं कारण बहुधा हे असतं: विमान वाऱ्याच्या पाठीवर जाताना जमिनीच्या मानाने वेगात दिसतं. समजा ते ताशी २५ किलोमीटरला स्टॉल होतं आणि वारा १५ चा आहे. डोळ्यांना ४० दिसत असताना पंखांना मिळतायत फक्त २५. ‘फार जोरात चाललंय’ म्हणून तुम्ही थ्रॉटल कमी करता, वळण घेता, आणि आतला पंख खाली जातो. उपाय: खाली असताना वाऱ्याच्या पाठीवर थ्रॉटल कमी करू नका, वळण रुंद घ्या. पंख पडलाच तर एलेरॉनने उचलायला जाऊ नका, त्याने तो अजून पडतो. आधी काठी पुढे, मग थ्रॉटल, मग सरळ.

आणखी एक गोष्ट जी दोष वाटते पण नाही. विमान डोंगराच्या हिरव्या किंवा करड्या पार्श्वभूमीवर गेलं की दिसतं, पण कुठल्या बाजूला कललंय ते कळत नाही. मग उजवा-डावा उलट दिला जातो आणि ‘रेडिओ गेला’ असा निष्कर्ष निघतो. पंखाच्या वरच्या बाजूला भगवा किंवा पिवळा, खालच्या बाजूला काळे पट्टे. संध्याकाळी सूर्य माथेरानमागे जातो, तेव्हा पश्चिमेकडे तोंड करून उडवू नका.

खरंच रेडिओ असेल तर

कधी कधी असतोही. दिवसाच्या पहिल्या उड्डाणाआधी रिमोट रेंज-चाचणीच्या मोडवर टाकून तीस पावलं मागे जा, पृष्ठभाग अडखळता कामा नयेत. रिसीव्हरच्या दोन अँटेना एकमेकींना काटकोनात, बॅटरीपासून लांब ठेवा. रिमोटच्या अँटेनाचं टोक थेट विमानाकडे रोखू नका. टोकाच्या दिशेला लहरी सगळ्यात क्षीण असतात. फेलसेफला थ्रॉटल शून्य हवा. प्रोपेलर काढून, रिमोट बंद करून हे एकदा बघाच.

जोरात वळताना क्षणभर सगळं थिजतं आणि मग परत येतं, असं असेल तर लहरींपेक्षा वीजपुरवठा तपासा. एखादा अडकलेला सर्वो जास्त करंट खेचतो, व्होल्टेज पडतं आणि रिसीव्हर झोपी जातो. चार मिनिटांनंतरच त्रास होत असेल तर टायमर लावा आणि प्रत्येक सेल साडेतीन व्होल्टच्या वर असतानाच उतरा.

जागा, परवानगी आणि तुमचे हक्क

*शेत मोकळं दिसलं म्हणजे मोकळं नसतं.* भातानंतर इथे वाल आणि हरभरा पेरतात. धसकटांतून उगवलेली रोपं लांबून दिसत नाहीत. मालकाला आधी विचारा, गाडी बांधावर चढवू नका, खळ्यावर विमान उतरवण्याआधी भात झोडून उचललंय का ते बघा. नुकसान झालं तर तिथल्या तिथे भरपाई देऊन मोकळे व्हा.

*कायदा.* मॉडेल विमानही ‘ड्रोन नियम, २०२१’ खाली येतं. कामापुरतं एवढं:

- ड्रोनसाठीच्या हवाई नकाशावरच्या हिरव्या क्षेत्रात १२० मीटर, म्हणजे ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट. नवी मुंबईचं विमानतळ सुरू झाल्यापासून पनवेलच्या बाजूने येणाऱ्यांनी तो नकाशा पाहिल्याशिवाय उडवू नये. पिवळ्या क्षेत्रात हवाई नियंत्रकांची, लाल क्षेत्रात केंद्र सरकारची परवानगी लागते.
- २५ किलोपर्यंतचं, फक्त छंद किंवा शिक्षणासाठीचं आणि नजरेच्या टप्प्यात उडणारं विमान मॉडेल समजलं जातं. त्याला प्रकार-प्रमाणपत्र लागत नाही. २ किलोपर्यंत आणि व्यावसायिक हेतू नसेल तर चालकाचा परवाना लागत नाही.
- ओळख क्रमांकाच्या नोंदणीची तरतूद त्याच नियमांत आहे, तसंच २५० ग्रॅमपेक्षा जड विमानासाठी तिसऱ्या पक्षाच्या विम्याचीही. कुणी हटकलं तर वाद न घालता हे कागद दाखवता आले पाहिजेत.
- जिल्हा प्रशासन किंवा पोलीस अधूनमधून बंदीचे आदेश काढतात. निघण्याआधी त्या पोलीस ठाण्यात एक फोन करा. धरणं, वीजघरं, रसायनीचे कारखाने, द्रुतगती मार्ग आणि रेल्वेची वाट यांच्यावरून नेण्याचा प्रश्नच नाही.

*खरेदी.* ऑनलाइन घेतलेला भाग सदोष निघाला तर विक्रेता तो परत घ्यायला नकार देऊ शकत नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत तसं स्पष्ट आहे. तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. दाद मिळाली नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक. मात्र पाकीट उघडतानाचा व्हिडिओ असू द्या, आणि भाग एकदा आपटलेल्या विमानात बसवला असेल तर अपेक्षा बेताची ठेवा. परदेशातून तयार ड्रोन मागवण्यावर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे, सुटे भाग आणता येतात. ‘तयार, रिमोटसकट’ असं खोकं कस्टममध्ये अडकू शकतं.

पडलंच तर

खोपोलीचं वीजघर १९१५ पासून चालू आहे, भिवपुरीचंही जुनंच. त्यामुळे या पट्ट्यात कुठेही उभे राहा, एखादा मनोरा नजरेत असतोच. त्याच्या आणि तुमच्या मध्ये विमान आणू नका. लांबून तारा दिसत नाहीत, फक्त मनोरे दिसतात. विमान तारेवर अडकलं तर काठीने, बांबूने, दोरीने काढायला जाऊ नका, बांबू ओला असेल तर मुळीच नाही. महावितरणच्या खांबावर असेल तर १९१२ वर कळवा. उच्चदाबाच्या मनोऱ्यावर असेल तर ते विमान गेलं असं समजा.

गवतात पडलं असेल तर आधी धावा, कारण फुटलेली लायपो काही मिनिटांनी पेट घेऊ शकते, आणि मार्च ते मे या दिवसांत टेकडीवरचं गवत म्हणजे वणव्याला आमंत्रण. बॅटरी काढून उघड्या मातीवर, गवतापासून दूर ठेवा आणि अर्धा तास लक्ष ठेवा. फुगली असेल तर पुन्हा चार्जरला लावायची नाही, लोकलमधूनही न्यायची नाही.

मग वही काढा. तुकडे गोळा करण्याआधी तीन ओळी लिहा: थ्रॉटल किती होता, विमान वाऱ्याच्या कुठल्या अंगाला होतं, पहिली चुकीची हालचाल कुठली झाली. घरी पोचेपर्यंत आठवण आपल्या सोयीची होते. त्या तीन ओळी घेऊन फोन केलात तर मलाही ‘मोटर बदलू नका’च्या पुढचं काही सांगता येईल.